मसणवट्याशेजारचा दवाखाना

निजामाच्या अमदानीत हैदराबादच्या डॉक्टरी कॉलेजानं सरकारी शाळांतून दवाखाने काढायचं ठरवलं आणि नांदूरघाटच्या शाळेत आप्पाराव नावाचा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पाठवला. हेडमास्तर सुंदररावांकडं रिकामी खोली एकच होती, तीही मसणवट्याला लागून. मग काय, गावानं पाठच फिरवली. सरकारनं मरणाची वाट जवळची करून दिली, असं पारावर बोललं जायचं.

वरून हुकूम होता की महिनाभरात रोगी आले नाहीत तर दवाखाना केजला हलवायचा. सुंदररावांना ते परवडणारं नव्हतं. त्यांची बायको वत्सलाबाई हिवतापानं अंथरुणाला खिळलेली, वैद्यानं हात टेकलेले आणि आता कुठं आप्पारावाच्या कडू औषधानं तिनं डोळे उघडले होते. बैलगाडीतून केजला नेली असती तर बिचारी वाटेतच गेली असती.

रोगी एकच यायची. हिरव्या लुगड्यातली म्हातारी, लांबच्या वाडीवरची सारजाबाई. दिवेलागणीला यायची, खोकल्याचं औषध तिथंच पिऊन जायची. खोकला थांबलाही. सुंदरराव हरखले. तिचा लेक सटवा मेंढरं घेऊन चालला होता, त्याला रस्त्यात गाठून ते म्हणाले, अख्ख्या गावात शहाणी काय ती तुझी आई, रोज येते दवाखान्यात. सटवानं मेंढरं थांबवली.

"मास्तर, माय जाऊन सा म्हैने झाले. हिरव्या लुगड्यातच नेली की तिला."

सुंदरराव मागे फिरले. तसेच शाळेत येऊन त्यांनी आप्पारावाला विचारलं, बाबा रे, तू तिची नाडी तरी बघितलीस का?

"रोज बघतो की," आप्पाराव मान खाली घालून म्हणाला. "लागतच न्हाई. मला वाटलं, माझंच शिकायचं राहिलंय. म्हणून कुणाला बोललो न्हाई."

सटवानं गावभर केलं. आता दवाखान्याचं वाटोळं झालं, असं सुंदरराव धरूनच चालले. पण गावाचं डोकं ते! मेलेल्या बाईचा खोकला थांबवणारं औषध जित्या माणसाला केवढा गुण देईल, असं म्हणत दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दारात. आता आप्पारावच ट्रंक भरून बसला. ती म्हातारी पुन्हा येणार असेल तर आपण हे चाललो, म्हणाला.

दिवेलागणीला सुंदरराव स्वतः दारात उभे राहिले. मारुतीचं नाव घ्यायला गेले तर तेही आठवेना. वारा नव्हता, तरी मसणवट्याकडून लुगड्याची सळसळ आली. म्हातारी पायरीशी येऊन थांबली, पण पायाखालचा वाळका पाला काही वाजला नाही. त्यांनी हात जोडले. काकू, आता येऊ नका, पोरगा भितो, असं कसंबसं म्हणाले.

"न्हाई येत रं," सारजाबाई म्हणाली. "मला कुठला आलाय खोकला? दवा गोड हाय म्हणून प्यायचे. मी आलते तुज्या वत्सलेला न्यायला. आज व्हईल, उद्या व्हईल म्हणून हितं वाट बघत बसायचे. पर ह्या पोरानं लईच लांबवलं. आता जाते मी एकलीच."

सुंदररावांनी आत जाऊन आप्पारावाची ट्रंक स्वतःच्या हातानं रिकामी केली. मग धावत घर गाठलं. वत्सलाबाई अंथरुणात उठून बसली होती आणि आज तोंडाला चव आलीय, भाकरी द्या म्हणत होती. मास्तर उंबऱ्यावरच बसून ढसाढसा रडले. पण भाकरीआधी त्यांनी तिला औषध पाजलं.