सोळा बटणांना कुंकू

"हार्डवेअर का सॉफ्टवेअर? ह्यो काय डोकं खाजवण्याचा प्रश्न हाय? एक कप चा संपायच्या आत ठरवून टाकतो!"

वडगावातल्या कट्ट्यावर बसून यमनाप्पानं ही घोषणा केली, त्याला आता तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत त्यानं कमीत कमी शंभर कप चहा संपवला. प्रश्न मात्र आहे तिथंच होता!

आता चार पॉवरलूमच्या मालकाला, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, नाचायची बीट, म्हणजे ठेका, बनवायचं खूळ कुठून लागावं? तर ते लागलं लेकीमुळं. पूर्णिमाचं लग्न उचगावच्या स्वरूपशी ठरलं होतं. दिवाळी झाली की अक्षता! आणि त्या आधी खंडेनवमी. दर वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरी देवळापुढं टिपऱ्या खेळतात, आणि दर वर्षी तीच डीजेची गाणी लागतात.

"आप्पा," एक दिवस पूर्णिमा म्हणाली, "औंदा मला आपल्या मागाच्या आवाजावर नाचायचंय. लहानपणापासनं त्योच आवाज ऐकत झोपले की मी. पुढच्या दसऱ्याला मी इथं न्हाय."

यमनाप्पा लगेच म्हणाला, "एवढंच व्हय? मी स्वतः बनवतो तुझी बीट!"

झालं! शब्द गेला.

गल्लीत बातमी फिरली आणि दोन गुरू हजर झाले. पहिला सांबऱ्याचा भरमू, यमनाप्पाचा तीस वर्षांचा दोस्त, लग्नाच्या वराती वाजवणारा. त्यानं जेवणाच्या ताटाएवढं एक मशीन आणून दिलं. त्यावर सोळा रबरी बटणं.

"आप्पा, ताल हाताला लागला पायजे! माऊसनं कुठं ताल धरत्यात व्हय? ह्या बटणांत तुझ्या मागाचं आवाज भर आन् बडव!"

दुसरा गुरू म्हणजे खुद्द होणारा जावई. स्वरूप आपला जुना लॅपटॉप घेऊन आला. "मामा, ते खोकं राहू दे. ह्या सॉफ्टवेअरमध्ये हजार वाद्यं हायत. चुकलं तर पुसून परत करता येतंय. नुसता माऊस हलवला की झालं, कीबोर्डला हात लावायचीबी गरज न्हाय."

आता आली का पंचाईत! मशीन निवडावं तर जावई नाराज, तेही लग्नाच्या आधी! लॅपटॉप निवडावा तर भरमू जन्माचा रुसणार. यमनाप्पानं मोठ्या मुत्सद्दीपणानं दोघांनाही सांगितलं, "तुझंच लई भारी!" सकाळी तो लॅपटॉपपुढं बसे. साडीतला तुटलेला धागा क्षणात जोडणारी त्याची बोटं माऊसवर आली की पार थंड पडत. पडद्यावरचा ढोल ओढून इकडं आणावा, तर तो वाटेतच गायब होई. संध्याकाळी मशीन. त्यात मात्र त्यानं भरमूच्या मदतीनं सोळा आवाज भरले. धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याची धाव, तो ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका, मोटरची घरघर. सोळावा आवाज भरताना बायको बायाक्का मागून ओरडली, "अवं, चा झालाय!" तेही आत गेलं. ते काढायचं कसं, हे काही त्याला कळेना.

थोडक्यात काय, नवमीची सकाळ उजाडली तेव्हा दोन यंत्रं होती, सोळा आवाज होते आणि बीट शून्य!

यमनाप्पानं घाईघाईनं मागाच्या शेडमध्येच टेबलावर मशीन मांडलं, शेजारी लॅपटॉप ठेवला. गल्लीचा मोठा स्पीकर माळ्यावर आधीच आणून ठेवला होता, त्याला वायर जोडली. भरमूनं फोनवरून सांगितल्याप्रमाणं लाल दिवा लावला. "दिवा लागला की पहिल्या बटणापासनं ते ऐकाय लागतंय, आप्पा. आठ मात्रा झाल्या की आपलंच आपण परत परत वाजवतंय. त्याच्यावर तू आणिक ठोके घालत जायचं. हात जरा मागंपुढं झाला तर तेच सावरून घेतंय."

यमनाप्पानं बोट उगारलं. तेवढ्यात बायाक्का दारात.

"झेंडू कुठं हाय?"

"आणतो की जरा येळानं..."

"पूजा काय तुमच्या येळंवर थांबणार? चला, उठा!"

पूर्णिमा मैत्रिणींबरोबर शहापूरला शिंप्याकडं गेली होती. मग जाणार कोण? यमनाप्पा उठला. लाल दिवा तसाच राहिला.

खंडेनवमीचा नेम गल्लीत लहान पोरालाही ठाऊक. त्या दिवशी माग धुऊनपुसून पुजायचे, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत पुजलेल्या यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राची ती हक्काची सुट्टी. यमनाप्पाचा आपला हिशेब असा होता, की बीटचं मशीन म्हणजे वाद्य, त्याला हा नेम कशाला? हा हिशेब बायाक्काला सांगायचा मात्र त्याच्या डोक्यात आला नाही.

पिशवीभर झेंडू घेऊन तासाभरानं तो गल्लीच्या कोपऱ्यावर आला आणि थबकला. खटाक-खट, खटाक-खट! कोणीतरी माग चालवत होतं!

"आज नवमीला माग? कोण रं त्यो शहाणा!" यमनाप्पाचं टाळकंच फिरलं. "लाज न्हाय काय ह्या लोकास्नी! चल, दावतोच त्याला!"

तो तावातावानं आवाजाच्या दिशेनं निघाला. एक घर, दोन घरं, तीन घरं. आवाज वाढत गेला आणि यमनाप्पा स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला.

दारात अर्धी गल्ली जमली होती. सगळ्यांपुढं काठी टेकून मारुतीराव. वय ऐंशी, गल्लीतला शेवटचा हातमागवाला. त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल.

"यमनाप्पा," ते म्हणाले, "तुझ्या बानं कधी नवमीला धोटा हलवला न्हाय. तू चारी माग चालू सोडलास?"

"न्हाय वं अण्णा! शप्पत!"

इतक्यात घरातून मोठ्यानं आवाज आला, "अवं, चा झालाय!"

"बघा! वर चा प्यायलाबी बोलावतोय!" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं तर खरोखरच चपला काढून आत आले.

शेडचं दार उघडलं. चारही माग झेंडूची वाट बघत गप्प उभे. मारुतीरावांनी वाकून मागाखाली पाहिलं, मोटरवर हात ठेवला. थंडगार! आवाज मात्र चालूच. आणि कोपऱ्यात बायाक्का हळदीकुंकवाचं ताट धरून भिंतीला टेकलेली, चेहरा पांढराफटक.

"मी काय न्हाय केलं वं! सगळ्या बटणांस्नी एकेक बोट हळद लावली. मग कुकू लावलं. मग अक्षता टाकल्या. बोट लावलं की खट करायचं, पर पूजा अर्धी कशी सोडू? हात काढला तरी ते बोलतच ऱ्हायलं! आन् बोलतंय तेबी माझ्याच आवाजात!"

यमनाप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल दिवा! हळदीचे ठोके, त्यावर कुंकवाचे, त्यावर अक्षतांचे, सगळं मशीननं मन लावून ऐकलं होतं आणि आता माळ्यावरच्या स्पीकरातून गल्लीला ऐकवत होतं. तो मशीनकडं झेपावला.

"हात लावायचा न्हाय!" बायाक्का ओरडली. "पूजा झालीया!"

"अगं पर ते बंद तर कराय पायजे!"

"बटणं हायत, वायर हाय, कुकू लावलंय. म्हंजे मशीनच ते. उद्या सकाळी!"

"मग वायर उपसतो."

"वायरीलाबी कुकू हाय."

"मेन स्विच पाडतो!"

आता मारुतीरावांनी काठी आपटली. "खंडेनवमीला घरात अंधार करतोस, यमनाप्पा? ते पूजेनं चालू झालंय. वाजू दे."

"आन् लॅपटॉप?" यमनाप्पानं शेवटची आशा म्हणून विचारलं. लॅपटॉप मिटलेला होता. त्यावर पाच विड्याची पानं, एक नारळ आणि हळदीचं मोठं बोट!

निकाल लागला. तीन आठवडे जो प्रश्न सुटला नव्हता, तो बायाक्कानं एका ताटात सोडवला होता. हार्डवेअर पूजेत, सॉफ्टवेअर नारळाखाली!

दुपारभर आवाज चालू राहिला. बायाक्कानं त्याच ठेक्यावर पुरणपोळ्या लाटल्या, आणि "चा झालाय" ऐकून आत येणाऱ्यांना खरंच चहा केला, कारण बोलावून परत पाठवायचं कसं? यमनाप्पा मात्र पायरीवर डोकं धरून बसला. नेम मोडला नव्हता, पण लेकीला दिलेला शब्द मोडला होता. त्याला खरंच रडू येत होतं.

चारच्या सुमाराला पूर्णिमा मैत्रिणींसह आली. यमनाप्पा उठला आणि मान खाली घालून एका दमात बोलून गेला, "पुन्नी, बीट झाली न्हाय. माझ्यानं ठरवणंच झालं न्हाय बघ. ह्याला काय वाटंल, त्याला काय वाटंल, ह्यातच दिवस गेलं. तू डीजेच लाव, बाळ."

पूर्णिमाचं लक्षच नव्हतं. ती शेडच्या दाराकडं कान लावून उभी होती. तिच्या उजव्या पायानं आपोआप ठेका धरला होता.

"आप्पा, मग हे काय हाय?"

"ते? ते चुकून झालंय."

"असू दे!" तिनं पिशवीतून टिपऱ्या काढल्या. "पोरींनो, या गं!"

मशीन हलवता येत नव्हतं, म्हणून देवळापुढचा खेळ यमनाप्पाच्या दारात आला. धोट्याच्या धावेवर टिपऱ्या पडू लागल्या, फणीच्या ठोक्यावर गिरक्या. आणि दर आठव्या मात्रेला वीस पोरी एका सुरात ओरडू लागल्या, "अवं, चा झालाय!" मारुतीरावांची काठीही जमिनीवर ठेका देत होती. लहानपणी मागाच्या खांबाला बांधलेल्या झोळीत ही पोरगी झोपायची. माग थांबला की जागी होऊन रडायची. ते आठवून यमनाप्पा आत गेला, तोंड धुतलं आणि परत बाहेर आला.

तोवर भरमू आणि स्वरूप दोघंही हजर!

"माझं मशीन!" भरमूनं छाती फुगवली.

"मामा, पण जुळवणी सॉफ्टवेअरवर केलीसा न्हवं?" स्वरूपनं विचारलं.

यमनाप्पानं तोंड उघडलं. श्रेय घ्यायची आयती संधी होती! पण लेक समोर उभी होती, घामानं डबडबलेली, हसत.

"तिच्या आईनं केली," तो पुटपुटला. "हळदीकुंकवानं."

अंधार पडायला लागला तशी गल्ली दमली. आता रात्रभर हे वाजणार की काय, म्हणून मारुतीराव चिंतेत पडले. तेव्हा बायाक्का सहज म्हणाली, "मग माळ्यावरचा स्पीकर बंद करा की. तिथं माझा हात पोचला न्हाय, त्याला कुकू लावलंच न्हाय."

"अगं, मग दुपारी का बोलली न्हाईस?" यमनाप्पा किंचाळला.

"तुम्ही इचारलं कुठं?"

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली, स्पीकर चालू केला आणि खटाक-खट परत सुरू झालं. ही बीट लेकीबरोबर सासरी गेली पाहिजे, असं यमनाप्पानं मनाशी पक्कं ठरवलं होतं. घरच्यांना समोर उभं करून, मशीनला नमस्कार करून, त्यानं बीट जपून ठेवायचं, म्हणजे सेव्हचं, बटण दाबलं.

सगळं शांत झालं. लाल दिवा विझला. त्यानं एक बटण दाबून पाहिलं, दुसरं, सोळाही दाबली. खटाक नाही, खट नाही, चहाही नाही.

"पुसलं बघा," तो कसंबसं म्हणाला. "ते शेजारचं बटण होतं वाटतं."

मग पूर्णिमानं आईच्या गळ्यात हात टाकला. "आई, पुढच्या नवमीला परत कुकू लावशील न्हवं?"

"लावीन की."

"मग मला यायलाच पायजे! स्वरूपला आजच सांगून ठेवते."

यमनाप्पाचा चेहरा एकदम खुलला. अंगात तीन आठवड्यांपूर्वीचा जोर संचारला. "मग तर झालंच! तोवर सोळा आवाज मी नव्यानं भरून ठेवतो! हार्डवेअर का सॉफ्टवेअर ते आताच, एक कप..."

"तुम्ही," मशीन पदरानं पुसून कपाटात ठेवत आणि किल्ली कमरेला खोचत बायाक्का म्हणाली, "वर्षभर ह्याला हात लावायचा न्हाय!"