कौशल्याबाईंच्या हाताची थरथर

अकोल्यातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काचेवर दोन लेन्स शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा कौशल्याबाईंना त्या जुळ्या बहिणीच वाटल्या. दोघी काळ्या, दोघींवर आकडा सत्तर ते तीनशे. एकीच्या अंगावर तेवढे एक बारीक बटण जास्त होते.

"हे दाबलं की हात हालला तरी फोटो हालत नाही जी," दुकानदार गोवर्धन म्हणाला.

त्यांच्या नवऱ्याने, किसनरावांनी बिनबटणाची लेन्स झटकन जवळ ओढली. "मंग हे द्या. तीस वर्सं ड्रॉइंग शिकवलं मी. माहा हात नाही हालत."

दिवाळीपासून बार्शीटाकळीच्या तलावावरचा एकेक बगळा त्यांच्या फोटोत फिसकटलेला येत होता आणि दोष जुन्या लेन्सच्या बुरशीला मिळत होता. त्यांच्या हातातली कपबशी वाजते, हे कौशल्याबाई रोज ऐकत होत्या. पण साऱ्या गावाच्या सरांना चारचौघांत उघडे पाडणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. आणि नव्या लेन्सचेही फोटो बिघडले, तर हा माणूस कॅमेरा कपाटात घालून भिंतीकडे पाहत बसेल, याची त्यांना धास्ती होती.

"बटनवाली द्या," त्यांनी फर्मावले. "मले शिकाचे हायेत फोटो. अन् माहा हात हालते."

"तुहा?" किसनराव दचकले.

"मंग? तुमाले इचारून हालवू का?"

"धरून पाहा, काकू," म्हणत गोवर्धनने कॅमेरा पुढे केला. कौशल्याबाई कोणतेही काम अर्धवट करीत नसत. त्यांनी हात असा हलवला, की बांगड्या खणखणल्या, शेजारच्या गिऱ्हाइकाने त्यांच्यासाठी स्टूल सरकवले आणि गोवर्धनने घाबरून कॅमेरा परत घेतला.

लेन्स मिळाली, किसनरावांचा चेहरा मात्र उतरला.

"कवापासून हालते?"

"दिवाळीपासून."

"अन् मले काहून नाही सांगतलं वं?"

हाच प्रश्न कौशल्याबाईंनी इतके दिवस ओठांत दाबून ठेवला होता.

त्या संध्याकाळी किसनरावांनी त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. कणीक स्वतः मळली. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन पहिल्या गाडीने अमरावती गाठली.

डॉक्टरांनी कौशल्याबाईंपुढे कागद ठेवला. "नाव लिहा."

अक्षराच्या अभिमानापायी बाई थरथर विसरल्या. नाव छापल्यासारखे उमटले.

"हात उत्तम आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर किसनरावांकडे वळली. बायकोच्या जुन्या तपासण्यांची फाइल त्यांच्या हातात फडफडत होती, आणि पंखा तर बंद होता.

"सर, आता तुम्ही लिहा."

किसनरावांनी लिहिले. पहिले अक्षर ठसठशीत आले, पुढची बारीक होत गेली, आणि आडनाव मुंग्यांच्या रांगेसारखे कागदाच्या कडेला उतरले. डॉक्टरांनी कौशल्याबाईंचा कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि त्यावर किसनरावांचे नाव घातले.

बाहेर आल्या आल्या धामणगावहून लेकीचा, रागिणीचा फोन आला. किसनरावांच्या बोटांतून तो निसटू लागला, तेव्हा कौशल्याबाईंनी घेऊन त्यांच्या कानाशी धरला.

"काई चिंता करू नको, बाई!" किसनराव आनंदाने ओरडले. "तुह्या मायचा हात एकदम चांगला हाय. डॉक्टर म्हणे उत्तम! मी तं घाबरूनच गेलतो."

स्वतःविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. घरातल्या प्रत्येकाचे बोलणे दुरुस्त करणाऱ्या कौशल्याबाईंनीही या वेळी काही दुरुस्त केले नाही. बोलणे संपेपर्यंत त्यांनी फोन धरून ठेवला, जराही न हलू देता.