जावईबापूंनी लॅपटॉप तरुण केला

आमच्या जावईबापूंना एक खोड आहे. चालती वस्तू त्यांना बघवत नाही. बंद पडलेल्या वस्तूकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. पण एखादी वस्तू वर्षानुवर्षं मुकाट्याने आपलं काम करताना दिसली, की त्यांचे हात शिवशिवतात. माझ्या कारखान्याचं दार पंचवीस वर्षं ढकललं की उघडायचं. त्यांनी दुरुस्त केल्यापासून ते ओढावं लागतं, आणि ओढायला बाहेरून मूठ नाही. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, म्हणून कामाला सगळे वेळेवर असायचे. त्यांनी ते बरोबर केलं. आता सगळे सात मिनिटं उशिरा येतात. जावई पडले, तोंडावर काही बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

कारखाना म्हणजे गणवेश शिवायचा. चार मशिनं, कापायचं एक लांब टेबल, कापणारे मास्तर, आणि काज-बटणाला माझी धाकटी जाऊ. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात टेप आली, ती आजपर्यंत खाली ठेवलेली नाही. या खेपेला अग्निशमन दलाच्या बासष्ट जवानांचे संचलनाचे गणवेश आमच्याकडे आले. बासष्ट माणसांची मापं घ्यायला मला दोन महिने लागले, कारण बंबवाला एका जागी उभा राहत नाही. एकाच्या कमरेला टेप लावली आणि घंटा झाली. माझी टेप त्याच्या कमरेसकट आगीवर गेली. परत आली तेव्हा अठ्ठावीस इंचच उरली होती. त्याची कंबर छत्तीस.

ती सगळी मापं मी वहीत लिहिली. लेकीने ती वहीतून लॅपटॉपमध्ये घातली. आणि जावईबापूंनी वही रद्दीत घातली.

"आई, आता आपण पेपरलेस झालो," ते म्हणाले.

घरातले बाकीचे कागद अजून आहेत. विजेची जुनी बिलं आहेत, मेलेल्या फ्रिजचं माहितीपत्रक आहे. गेला तो एकच, कामाचा.

मास्तरांनी मला साफ सांगितलं होतं: मंगळवारी संध्याकाळपर्यंत कापडाला कात्री लागली पाहिजे. नाहीतर संचलनाच्या दिवशी अर्धं दल गणवेशात चालेल आणि अर्धं नुसतंच शिस्तीत.

रविवारी लेक ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर परगावी गेली, आणि जावईबापूंना रान मोकळं मिळालं. लॅपटॉप उघडून ते म्हणाले, "आई, ही सिस्टिम फार म्हातारी झाली हो."

"चालते ना?"

"चालते, पण म्हातारी आहे."

"म्हातारी झाली म्हणून बदलायची, हे माझ्यासमोर बोलू नका."

ते हसले. हसले म्हणजे त्यांनी ठरवलं. खिशातून नखाएवढी काळी पेनड्राइव्ह काढली आणि लॅपटॉपच्या काळ्या कडेला खोचली. "यात नवी सिस्टिम आहे. अर्ध्या तासात तुमचा लॅपटॉप तरुण." पहिल्याच पडद्यावर भाषा विचारली. त्यांनी माझ्याकडे बघून मोठ्या मनाने मराठी निवडली. मग पडद्यावर मजकूर भराभर यायला लागला, आणि जावईबापू भराभर ‘मान्य’ दाबायला लागले.

"काय लिहिलंय एवढं?" मी विचारलं.

"काही नाही हो आई. नेहमीचंच असतं."

सहा टक्क्यांवर ते नेहमीचंच थांबलं. लॅपटॉप एकदा बंद झाला, आपला आपण चालू झाला, आणि पडदा काळाकुट्ट पडला. तळाशी पांढऱ्या बारीक अक्षरांत एक ओळ तेवढी उरली. जावईबापूंनी सगळ्या कळा एकेक करून दाबल्या, मग दोन-दोन करून दाबल्या. पडदा जायचा आणि तीच ओळ घेऊन परत यायचा. मी चष्म्याला हात घातला, तेवढ्यात त्यांनी झाकण लावलं. "आई, हात लावू नका. ही टेक्निकल बाब आहे."

"त्या ओळीत काय लिहिलंय ते तरी सांगा."

"त्याचं काय आहे, फार जड मराठी आहे हे. इंग्रजीत असतं तर एका नजरेत कळलं असतं." आणि मोबाइलवर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघत बसले. चाळीस मिनिटं बघायला त्यांना वेळ होता. एक ओळ वाचायला नव्हता.

सोमवारी त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. आतून रेकॉर्ड केलेली बाई बोलली: यंत्र चालू असेल तर एक दाबा, बंद असेल तर दोन दाबा. सव्वा तासाने जिवंत माणूस आला. जावईबापू म्हणाले, "पडद्यावर काहीतरी आलंय, मराठीत."

"सर, एरर इंग्रजीत आणा."

"कशी आणणार? मशिनच देतंय मराठीत."

"मग ती एरर भाषा विभागाकडे जाईल. एकवीस कामाचे दिवस. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच?"

जावईबापूंनी पाच दाबलं. मी बघत होते.

"पाच?"

"त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो हो आई."

तिकडे मास्तर हातात कात्री घेऊन टेबलाशी उभे होते. रिकामी कात्री हवेत चालवायची सवय लागली होती त्यांना. जाऊबाई त्यांच्या जवळून जायच्या बंद झाल्या.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं दुरुस्ती केंद्रात गेलो. मोठी खोली, लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, आणि प्रत्येक मांडीवर एकेक आजारी लॅपटॉप. दाराशी टोकन देणारं यंत्र होतं. त्यावर पाटी: टोकन यंत्र दुरुस्तीसाठी गेले आहे. म्हणजे पाटी यंत्रावरच होती, आणि यंत्र तिथेच होतं. टोकन वॉचमन हाताने लिहून देत होता. आमचं एकोणीस.

काउंटरवाल्याने मान वर न करता विचारलं, "यंत्र चालू आहे की बंद?"

"दिवा लागतो, पण चालत नाही," मी म्हणाले.

"मावशी, चालू की बंद?"

"दोन्ही नाही."

"तसा रकाना नाही."

टाय लावलेला इंजिनिअर पाठीमागून जात होता. त्याने झाकण उघडलं, एखादा माणूस दुसऱ्याच्या ताटात डोकावतो तेवढा वेळ डोकावला, म्हणाला, "सिस्टिम गेलीय," आणि स्वतःही गेला. काउंटरवाल्याने ‘बंद’वर खूण केली. चोख माणूस. यंत्र फिरवून फिरवून पाहिलं, पिशवी उलटी करून झटकली, सगळ्याची यादी केली आणि पावती पुढे सरकवली. जावईबापूंनी सही केली आणि पावतीची घडी खिशात घातली.

"वाचली का?"

"नेहमीचंच असतं, आई."

ती पावती मी नंतर मागून घेतली. इथे जशीच्या तशी उतरवते. कंटाळा आला तर सोडून पुढे जा. सगळे तेच करतात.

अटी व शर्ती. (१) यंत्र ग्राहकाने स्वखुशीने व शुद्धीत आणले आहे. (२) सोबत आलेल्या वस्तू: पिशवी एक, चार्जर एक, यंत्राच्या कडेला खोचलेली पेनड्राइव्ह एक. (३) ‘बंद’ या वर्गातील यंत्र कोरे करून परत दिले जाईल. (४) कोरे म्हणजे कोरे. (५) दुरुस्तीनंतर यंत्र चालल्यास श्रेय केंद्राचे. न चालल्यास तो यंत्राचा मूळ स्वभाव समजावा. (६) प्रतीक्षाकाळात ग्राहकाचे वय वाढल्यास केंद्र जबाबदार नाही. (७) अट क्रमांक आठ पाहा. (८) अट क्रमांक सात पाहा. (९) केंद्राच्या आवारात ग्राहकपक्षातील कोणाहीकडून सदर यंत्र सुरू झाल्यास त्या पक्षास तंत्रज्ञ मानण्यात येईल, व खाली सही करणारी व्यक्ती त्या दिवसाची उरलेली टोकने संपेपर्यंत काउंटर सांभाळेल. (१०) पावती जपून ठेवावी. हरवल्यास मूळ पावती दाखवून दुसरी मिळेल.

काउंटरवाला लॅपटॉप उचलायला लागला. मी विचारलं, "आता किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. कोरा करायचाय फक्त."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं पुसायचं. एकदम नवा मिळेल, मावशी."

माझ्या डोळ्यांसमोर बासष्ट जवान ओळीने उभे राहिले आणि बनियनवर आले. मी लॅपटॉपचं दुसरं टोक धरलं. तो ओढतोय, मी ओढतेय.

"मॅडम, सही झालीय!"

"सही त्यांची. मापं माझी. सोडा!"

जावईबापू मध्ये पडले. "आई, लोक बघतायत."

"बघू देत. दोन महिने बंबामागे मी पळले, लोक नाही पळाले."

तीस वर्षं ज्या हाताने जाड ड्रिलचं कापड मशिनखाली ओढलं, त्या हाताशी काउंटरवाल्याचा टिकाव लागेना. लॅपटॉप माझ्या मांडीवर आला. झाकण उघडं होतं. काळा पडदा, खाली पांढरी ओळ.

आता एक गोष्ट सांगते, ती कारखान्यात कोणाला ठाऊक नव्हती. मला वाचता येतं, पण बोट ठेवून. अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत. पहिलीतलं पोर वाचतं तसं. म्हणून कोणी कागद पुढे केला की मी म्हणते, चष्मा घरी राहिला. चष्मा गळ्यात दोरीला असतो. चौघांत वाचायची वेळ मी तीस वर्षं येऊ दिली नव्हती, आणि आली ती भरल्या खोलीत, जावयासमोर.

चष्मा लावला. बोट ठेवलं. 

"बा... हे... रू... न. बाहेरून. जो... ड... ले... ली. जोडलेली."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं बोट थांबलं नाही.

"पे... न... ड्रा... इव्ह. पेनड्राइव्ह. का... ढा. काढा, आणि, को... ण... ती... ही क... ळ दा... बा."

मी परत एकदा सलग वाचलं, मास्तरांना ऑर्डर सांगते त्या आवाजात: "बाहेरून जोडलेली पेनड्राइव्ह काढा आणि कोणतीही कळ दाबा."

काउंटरवाल्याने विचारलं, "हे कधीपासून लिहिलंय?"

"रविवारपासून."

मी कडेला हात फिरवला. नखाएवढं ते काळं बोंडूक हाताला लागलं. ओढलं, जावईबापूंच्या तळहातावर ठेवलं, आणि शिवताना अंगुस्तान घालायच्या बोटाने एक कळ दाबली. लॅपटॉपने टुंग केलं. आमची म्हातारी सिस्टिम डोळे चोळत उठली, जशी झोपली होती तशी. लेकीची फाइल उघडली. बासष्टच्या बासष्ट कमरा जागेवर!

मग जे झालं त्याला मी जबाबदार नाही. शेजारच्या खुर्चीवरचे पेन्शनर उठून आले. "ताई, माझा जरा वाचता का? मुलाने सांगितलंय मदरबोर्ड गेला." मी बोट ठेवून वाचलं: चार्जर जोडा. ते चार दिवसांपासून ऑफिसला यावं तसे इथे येऊन बसत होते. एका प्राध्यापिकाबाईंचा लॅपटॉप म्हणत होता, तारीख चुकली आहे, दुरुस्त करा. त्या मला म्हणाल्या, "मी वाचलं होतं, पण मला वाटलं त्यात काहीतरी गहन असेल." हा हा म्हणता माझ्यापुढे रांग लागली. काउंटरपुढे कोणी राहिलं नाही. वॉचमनने टोकन यंत्रावरची पाटी मला वाचायला आणून दिली. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, कागदाची गुंडाळी घाला. त्याने घातली. यंत्र चालू झालं.

टायवाला धावत आला. घाम फुटला होता. "बाई, असं सगळ्यांनी वाचायला सुरुवात केली तर केंद्र चालायचं कसं?"

"ते कुठे लिहिलंय का बघा," मी म्हणाले.

त्याने खरंच बघितलं. पावतीची स्थळप्रत काढली, बोट फिरवलं, आणि नवव्या अटीवर येऊन त्याचा चेहरा उजळला. त्या खोलीत अट वाचणारा तो पहिलाच माणूस. काउंटरवाल्याने खुर्ची रिकामी केली, टॉवेलाने पुसली, आणि अदबीने जावईबापूंपुढे केली. अजून त्र्याहत्तर टोकनं होती, आणि चालू झालेलं यंत्र आणखी काढत होतं.

"अशी अट असते का कुठे!" जावईबापू ओरडले. "आई, हे कधी लिहिलं यांनी?"

तुम्हीही हेच विचारताय ना? वर लिहिलं आहे मी, शब्दन् शब्द. तुम्ही कुठल्या अटीपासून उडी मारलीत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्र्याहत्तर टोकनं आहेत, काउंटरवर दोघं बसू शकतात.

मी लॅपटॉप पिशवीत घातला, मास्तरांना फोन करून कात्री पाजवायला सांगितली, आणि मग, ते जावई झाल्यापासून सात वर्षांत, पहिल्यांदा तोंडावर बोलले. साऱ्या खोलीला ऐकू गेलं.

"जावईबापू, मी चौथीच शिकले, म्हणून मला शेवटच्या अक्षरापर्यंत पायी जावं लागतं. तुम्ही सतरा यत्ता शिकलात, म्हणून तुम्ही पहिल्या अक्षरालाच पोचता. बसा. बोट ठेवून वाचा, ओठ हलले तरी लाजू नका. लेकीचा फोन आला तर मी सांगते तिला, काळजी करू नकोस, नेहमीचंच आहे. आणि कारखान्यावर याल तेव्हा दार ढकलू नका. ओढायचं आहे. मूठ तुम्हीच काढून ठेवलीत."