माझ्या मागे अठरा गाड्या

मी चष्मेवाला आहे. म्हणजे नुसता चष्मा लावणारा नव्हे, लावून देणारा! समोरच्याच्या डोळ्यांपुढे एक भिंग सरकवायचं, मग दुसरं सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की हे?" बावीस वर्षं हाच प्रश्न विचारतोय. त्यामुळे चार गोष्टींतून नेमकी एक निवडण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. गेल्या शनिवारपर्यंत!

माझी गाडी बाहेरून बघाल तर अगदी सज्जन. आखूड, तांबडी, पिशवी घेऊन दळण आणायला निघालेल्या गृहस्थासारखी. पण बॉनेटखाली पैलवान! आणि हा पैलवान म्हणे कंपनीनं मुद्दाम अर्धपोटी ठेवलेला असतो. इंजिनाच्या संगणकातला नकाशा, म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता, बदलला की तो जेवायला बसतो. हे मला इंटरनेटवर कळलं आणि माझी झोप उडाली.

गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एकजण हे काम करतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो.

"तीन प्रकार आहेत साहेब," मास्तर म्हणाला. "एक, ही डबी. इंजिनाच्या वायरींमध्ये बसवायची. ती संगणकाला दिवसभर थापा मारते. दोन, तयार फाईल. स्टिअरिंगखाली वायर जोडायची, दहा मिनिटांत गाडीत चढते. तीन, खास तुमच्या गाडीच्या मापाची. गाडी रोलरवर चढवून, जागच्या जागी चाकं पळवून पळवून बेतायची. त्याला दोन दिवस."

मी विचारात पडलो. डबी म्हणजे फुटपाथवरचा वाचायचा चष्मा. तिसरा प्रकार म्हणजे मी स्वतः घासलेली भिंगं. पण दोन दिवस गाडी घराबाहेर ठेवायची तर बायकोला काय सांगणार? ती औषधांच्या कारखान्यात दर्जा तपासते. तिच्या हाताखालून सदोष गोळी सुटत नाही, तिथे सदोष नवरा काय सुटणार! तिला मी 'सर्व्हिसिंगला जातो' एवढंच सांगून आलो होतो.

"फाईल," मी म्हणालो.

"उत्तम! हिच्यात चार नकाशे आहेत. स्टिअरिंगवरच्या या बटणानं बदलायचे. एक म्हणजे कंपनीचा. दोन म्हणजे जोरदार. तीन म्हणजे जोरदार आणि वर पाय काढला की मागून धडाम्-धुडुम्. आणि चार म्हणजे चावी दुसऱ्या कुणाच्या हातात देताना लावायचा. गाडी ताशी वीसच्या वर जातच नाही! त्यातून बाहेर पडायचं तर बटणं ठरावीक क्रमानं दाबावी लागतात. क्रम या कागदावर लिहिलाय."

तो कागद मी काळजीपूर्वक मास्तरच्या टेबलावर विसरून आलो.

घरी येताच बायकोला म्हणालो, "चल, जरा चक्कर मारू. सर्व्हिसिंगनंतर गाडी मस्त झालीय!"

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मी हळूच तीन नंबर लावला, जरा पाय दाबला आणि पुढच्या वळणावर सोडला.

ठो! ठो-ठो! ठाप्!

बायको डॅशबोर्डखाली. फुटपाथवर एकजण पेपर डोक्यावर धरून खाली बसला.

"अहो, गोळीबार!"

"छे गं! नवीन तेल आहे ना, मुरायला वेळ लागतो."

"तेल? तेल असं बोलतं?"

तिच्या त्या आवाजानं माझा अंगठा घसरला. मला दोन हवा होता, लागला चार. गाडीनं एकदम मान टाकली. वेग वीस. मी पाय पार जमिनीपर्यंत दाबला. वीस! एक सायकलवाला मागे वळून बघत आमच्या पुढे गेला.

"आता काय झालं?"

"सांभाळून चालवतोय. तूच म्हणतेस ना नेहमी."

मास्तरला फोन लावला, तो उचलेना. रोलरवर गाडी ओरडत असणार. म्हटलं, सरळ त्याच्याकडेच जावं. तेवढ्यात चौकात एक लांबलचक काळी गाडी पुढून गेली आणि आम्ही तिच्या मागोमाग लागलो. ती पुढचा सिग्नल ओलांडून केव्हाच दिसेनाशी झाली. आम्ही वीसनं चाललो होतो.

"अहो," बायको आरशात बघत म्हणाली, "मागच्या गाड्यांनी भरदिवसा दिवे का लावलेत? आणि एकही हॉर्न वाजवत नाहीये!"

मी पाहिलं. खरंच! एकामागे एक, शिस्तीत रांग. मी अठरा मोजल्या. फुटपाथवरची माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. चौकातल्या पोलिसानं दोन्हीकडची वाहतूक अडवून आम्हाला वाट दिली आणि चक्क सलाम ठोकला!

माझी छाती फुगली. "बघितलंस? जाणकार लोक गाडी ओळखतात!" मी काच खाली करून हात हलवला. पोलीस जरा गोंधळला. सलाम मात्र तसाच ठेवला त्यानं.

मास्तरच्या पत्र्याच्या शेडपुढे मी गाडी आत घेतली. माझ्या मागे अठराही गाड्या आत आल्या. दारं उघडली. गंभीर चेहऱ्यांची साठ-सत्तर माणसं न बोलता खाली उतरली. एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"फार संथ आणलंत हो. त्याला आवडलं असतं. मी त्याचा थोरला भाऊ." मग ते इकडेतिकडे बघू लागले. "पण त्याला कुठे ठेवलंय?"

माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. ती लांब काळी गाडी म्हणजे शववाहिनी! तिच्या आणि या सगळ्यांच्या मध्ये मी घुसलो होतो! मी तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघायच्या आत मास्तर हात पुसत बाहेर आला. त्यानं आवार भरलेलं पाहिलं आणि त्याचे डोळे पाणावले.

"साहेब! एका सकाळीत एवढं नाव केलंत माझं!" मग तो थोरल्या भावांकडे वळला. "या, या! गर्दी नको. एकेक करून घेतो. सगळ्यांचं आजच करून टाकू!"

थोरले भाऊ दोन पावलं मागे सरले. "सगळ्यांचं? आमचं एकच आहे."

"एक तर एक! किती झालेत?"

"एक्क्याऐंशी पूर्ण."

"एक्क्याऐंशी हजार म्हणजे काहीच नाही हो! अजून तेवढेच सहज जातील!"

"मास्तर," मी म्हणालो, "जरा ऐका—"

"थांबा साहेब, यांना समजावू द्या. हे बघा, आधी आत घ्यायचं. चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळायचं. रोलरवर चढवायचं. मग पूर्ण ताकदीनं पेटवायचं! धूर या नळीतून मागे. तुम्ही काचेतून बघू शकता."

"आवळायचं कशाला?" थोरल्या भावांनी विचारलं.

"न आवळून चालेल? गेल्या महिन्यात एक सुटलं, सरळ त्या भिंतीत गेलं!"

मागच्या रांगेत एक बाई मटकन टायरच्या ढिगावर बसल्या.

"आणि मनासारखं नाही झालं," मास्तर उदारपणे म्हणाला, "तर काही बिघडत नाही. पुन्हा होतं तसं करून देतो. दोन मिनिटांचं काम!"

गर्दीतून एक ठेंगण्या आजी पुढे आल्या.

"आमच्या ह्यांना? होतं तसं?" त्यांनी विचारलं.

आता मात्र मी ओरडलो. "आजी, हे गाड्यांचं दुकान आहे! हा गाड्या दुरुस्त करतो! मी तुमचा कुणी नाही! मी चष्मेवाला आहे!"

त्याच क्षणी थोरल्या भावांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता, की ते सगळ्यांनाच ऐकू आलं. "अहो, कुठे आहात सगळे? इथे विद्युतदाहिनीपाशी मी आणि ते, दोघेच आहोत!"

मला वाटलं, आता मलाच पट्ट्यांनी आवळून रोलरवर चढवतात. मी आजींपुढे हात जोडले. चूक किती मोठी होती, ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं. बावन्न वर्षांचा सोबती पुढे गेला होता आणि माझ्यापायी आजी गंजक्या पिपांमध्ये उभ्या होत्या.

मग आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या!

"आयुष्यभर रेल्वेची वेळापत्रकं केली हो त्यांनी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "कुठेही जायचं असलं, की पुढे निघून जायचे आणि तिथून फोन करायचे, 'कुठे राहिलीस?' आज फोन करायला दुसरा माणूस लागला, एवढंच."

थोरले भाऊ आधी हसले, मग रडले. मग सगळेच दोन्ही करायला लागले. मास्तर तर सर्वांत जोरात रडला. त्याला अजूनही काय झालं ते कळलं नव्हतं.

मी कागद शोधून गाडी एक नंबरवर आणली. आजी म्हणाल्या, "आता तुम्हीच पुढे व्हा. रस्ता तरी माहीत आहे ना?" होता. आम्ही वीस मिनिटांत पोचलो. तिथला व्यवस्थापक दारातच घड्याळ हातात घेऊन उभा होता. सगळं नीट पार पडेपर्यंत मी आणि बायको मागच्या बाकावर बसून होतो.

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "त्या मास्तरच्या भिंतीवर मोठा फलक होता. डबी, फाईल, रोलर. सर्व्हिसिंग कुठे लिहिलेलं दिसलं नाही."

काल दुकानात त्या व्यवस्थापकाचा फोन आला. मी आधीच माफी मागून टाकली!

"साहेब, त्या थोरल्या भावांनी तुमचं फार कौतुक केलं. म्हणाले, इतकी संथ, एका लयीत गाडी चालवणारा माणूस बघितला नाही. आमचे ड्रायव्हर फार पळवतात हो. गुरुवारी सकाळी मोकळे आहात का?"

बायकोला सांगितलं. तिनं ताबडतोब होकार कळवून टाकला.

मग मी मास्तरला फोन केला. वीसच्या ऐवजी पंधरा करून मिळेल का, विचारायला.