चमचा कोण फिरवतंय?

"नवऱ्याला घराबाहेर काढायचंय," कोवारिकबाई फोनवर म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. माणसं घेऊन ये."

पोलीसप्रमुख व्हर्जिल हासेकने हातातलं कोलाच, म्हणजे खसखस भरलेला गोड पाव, बशीत ठेवलं आणि तो ताठ बसला. बाईंनी त्याला दुसरीत पाढे शिकवले होते, त्यामुळे पन्नाशीतही त्यांचा फोन आला की त्याची पाठ आपोआप सरळ व्हायची. अडचण एवढीच होती, की बाईंचा नवरा एमिल जाऊन वर्ष झालं होतं. शवपेटीला खांदा द्यायला व्हर्जिल स्वतः होता.

"बाई, एमिल तर वारलेत ना?"

"मला सांगतोस? मीच पुरलाय त्याला! पण रोज सकाळी आठला येऊन बसतो मेला, आणि कॉफीत चमचा फिरवतो. एक्केचाळीस वर्षं फिरवला, तोंडातून शब्द काढला नाही मी. पण मेल्यावरसुद्धा? चमचा आपोआप हलतो, व्हर्जिल. त्याची खुर्ची थरथरते. आत्ता दहा मिनिटांपूर्वी उठून गेलाय."

"काही आवाज ऐकू येतो का?"

"काय?"

"आवाज! आवाज!"

"ओरडू नकोस. कानातलं यंत्र मी दहानंतर लावते. बॅटऱ्या काय झाडाला लागतात? हे बघ, माझी बॅग भरलीये. आज त्याला काढला नाहीस, तर दुपारच्या बसने मी लिंकनला बहिणीकडे निघाले. घर विकून टाकते." आणि फोन आपटला.

व्हर्जिलच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर दुसऱ्याच क्षणी त्याला आनंदही झाला. पोलीस ठाण्यामागच्या शेडमध्ये चौदा टनांची चिलखती गाडी उभी होती. सैन्याने वाळवंटातल्या लढाईत वापरून झाल्यावर फुकट दिलेली. बाराशे वस्तीचं नेब्रास्कातलं गाव आणि तीन पोलीस. गाडी हवी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं होतं. व्हर्जिल गावसभेत छातीठोकपणे म्हणाला होता, "एक दिवस हीच कोणाला तरी वाचवेल." पण नियम असा, की वर्षाच्या आत खऱ्या कामाला लावली नाही तर गाडी परत. वर्ष उद्या संपत होतं, आणि गाडी न वापरताच परत गेली असती तर व्हर्जिलला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"डार्ला, रणगाडा काढ!" तो ओरडला. गावाने रणगाडा म्हटलं की तो चिडायचा, पण घाईत त्याच्याही तोंडून तेच निघालं.

हवालदार डार्ला स्टब्जने वही मिटली. "आरोपीचं वर्णन?"

"मयत."

"हत्यार?"

"चमचा."

"मग काढायलाच हवी," असं म्हणून ती किल्ल्या घ्यायला गेली.

बाईंचं घर शेडच्या मागे, गल्ली ओलांडली की लगेच. पण गाडी त्या गल्लीत मावत नव्हती, म्हणून सगळ्या गावाला वळसा घालावा लागला. बाहेर इतकं दाट धुकं होतं की रस्त्याकडेची झाडं दिसण्याआधी त्यांच्या फांद्या छताला घासायच्या. काचा वीतभर जाड, हिरवट. त्यातून धान्याची उंच कोठारं पाण्याखाली बुडाल्यासारखी दिसत होती. छताच्या फटीतून वाळू गळत होती. वर्षभर डार्ला झाडत होती, पण बाकावर रोज सकाळी वाळूची नवी बारीक रेघ असायचीच. कुठल्या मुलखातली, कोणाच्या बुटातली, देव जाणे.

"ही गाडी चालू झाली ना चीफ, की मागे कोणीतरी बसलंय असं वाटतं," डार्ला म्हणाली. व्हर्जिलने मागे वळून पाहिलं नाही.

एवढ्यात फोन वाजला. "व्हर्जिल! तो परत आलाय!" बाई किंचाळत होत्या. "चिडलाय! फडताळातले कप हलताहेत!"

"आलोच बाई! डार्ला, जोरात घे!"

डार्लाने जोरात घेतली. कोपऱ्यावरची टपालपेटी चाकाखाली गेली.

"आता फोडतोय रे! माझा निळा कप फुटला! लवकर ये!"

"अजून जोरात!"

"व्हर्जिल, भिंतीवरचा त्याचा फोटो खाली आला!"

जोरात यायचं म्हणजे किती जोरात यायचं? गाडीने बाईंच्या कुंपणाचं फाटक आडवं केलं, ओसरीच्या पायरीचा तुकडा पाडला आणि ती थांबली. डार्लाने इंजिन बंद केलं. सगळीकडे चिडीचूप झालं. बाई दारात उभ्या होत्या, अंगात कोट, हातात बॅग.

"तुला बघून गप्प झाला," त्या पुटपुटल्या. "भित्रा कुठला."

व्हर्जिल एकटाच स्वयंपाकघरात गेला. टेबलावर एमिलचा कप होता, कॉफीने भरलेला, आणि त्यात चमचा. समोर त्याची खुर्ची किंचित मागे ओढलेली, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी. फोनवर नवऱ्याला शिव्या घालणारी ही बाई रोज त्याच्यासाठी कप भरत होती तर. व्हर्जिलने डोक्यावरची टोपी काढली.

"मिस्टर कोवारिक," तो हलकेच म्हणाला, "बाई घाबरल्यात हो. आता पुरे करा."

आणि चमचा हलला.

आधी जेमतेम, मग टिणटिण टिणटिण, कपाच्या कडेने गोल. खुर्ची थरथरत बोटभर पुढे सरकली. व्हर्जिलचा बंदुकीकडे गेलेला हात अर्ध्यातच थांबला, कारण गोळी घालायची कोणाला?

खांद्यावरच्या वायरलेसमधून डार्ला म्हणाली, "चीफ, गाडी वळवून ठेवत होते, झाली वळवून. बंद करू?"

"कर," तो पुटपुटला.

चमचा थांबला. आणि बाहेरची घरघरही, जी घाबरल्यामुळे त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

व्हर्जिल त्या कपावर वाकला. "डार्ला, पुन्हा सुरू कर." टिणटिण. "बंद." शांत. "सुरू." टिणटिण.

गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून डार्ला वर्षभर रोज सकाळी आठला पाव तास इंजिन चालू ठेवायची. वर्षभरात एकच खरी तक्रार आली होती, आणि तिची गुन्हेगार ही गाडीच होती! गप्प बसलं तर आजची मोहीम खरं काम म्हणून दाखवता येईल आणि गाडी राहील, पण बाई घर सोडून जातील. व्हर्जिलने टोपी मुठीत चुरगळली आणि बाईंना आत बोलावून आधी यंत्र कानात घालायला लावलं.

"बाई, चूक आमची आहे. त्या इंजिनाची थरथर जमिनीतून इथवर येते. एमिल नव्हते. रोज आमची गाडीच होती."

आता कान उपटणार, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण बाई खुर्चीत बसल्या, बॅग मांडीवर घेऊन.

"म्हणजे कोणीच येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मी त्याला रोज गावातलं सगळं सांगायचे. कोण मेलं, कोणाचं मक्याचं पीक कसं आलं. वर शिव्याही द्यायचे." आता तर इंजिनही बंद होतं. एमिलला आपण दुसऱ्यांदा पुरलं, असं वाटून व्हर्जिलला फार वाईट वाटलं.

"उद्या गाडी परत पाठवतो," तो घाईने म्हणाला. "पुन्हा त्रास नाही होणार."

"परत? कोणाला विचारून?" बाईंनी नाक पुसलं आणि कोट काढून खुंटीला अडकवला. "वापर दाखवायचाय ना तुला? माझं नाव लिही. सही मी करते. आणि हे बघ व्हर्जिल, आठला नको सुरू करत जाऊस."

"मग?"

"एमिल सातला उठायचा."