गोळीचे बारा दिवस

शेजारच्या सुनंदाताई कुकरला दम देतात. "तिसरी शिट्टी वेळेवर दे, नायतर डाळ तुजी तू खा!" लिफ्ट अडकली की तिचा उद्धार होतो. सासरचं शेत विमानतळाच्या जागेत गेलं, तेव्हापासून वरून विमान गेलं की गच्चीतून विचारतात, "आमच्या शेतावरनं चाललास, इचारलंस का?"

माणसांवर मात्र त्यांचा आवाज कधी चढत नसे. म्हणूनच त्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मी चरकले. मुलाला फोनवर सांगत होत्या, "तुमची पोर तुमी सांभाळा. माज्याकडं आनू नका."

दीड वर्षाची ओवी म्हणजे ताईंचा जीव. मुलगा-सून उलव्याहून रोज तिला इथे पनवेलला सोडून कामाला जायचे. दुसऱ्या दिवसापासून ते यायचे थांबले.

मी गेले, तर दार अर्धंच उघडलं.

"जा बाई तुमी. आज मी बरी नाय."

"ताप आहे का?"

"ताप असता तर परवडला असता." मग एकदम म्हणाल्या, "ओवीनं दूध सांडलं. माजा हात उठला. गालाजवळ नेऊन थांबवला. नसता थांबला तर?"

पाळी जाताना ताईंच्या अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली होती. त्यावर डॉक्टरांनी रोज लावायचं इस्ट्रोजेनचं जेल दिलं होतं आणि त्यानं गर्भाशयाचं अस्तर वाढू नये म्हणून महिन्यातले बारा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी. वाफा थांबल्या. पण ज्या दिवशी आतून काळोख दाटे, त्या दिवशी ताई कॅलेंडरवर फुली मारत. मी आत जाऊन त्याची पानं उलटली. तीन महिने, आणि जवळजवळ सगळ्या फुल्या त्या बारा दिवसांतल्याच.

"फेकूनच देते ती गोळी."

"मनानं बंद करायची नाही," मी म्हटलं आणि कॅलेंडरसकट त्यांना रिक्षात घातलं.

'वयाचं आहे' म्हणून वाटेला लावतील, अशी धाकधूक होती. डॉक्टरांनी मात्र फुल्या एकेक करून पाहिल्या. "काही बायकांच्या मनाला हे औषध सोसत नाही. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही." त्यांनी औषध बदललं, घ्यायची पद्धतही बदलली. "यानंही त्रास झाला तर लगेच फोन करा. अजून मार्ग आहेत."

नव्या औषधाचे बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे डोकावत होते. सातव्या दिवशी त्या खूप रडल्या. पण ते नुसतं रडणंच होतं, राग नव्हता.

"आता तरी मुलाला खरं सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? आजी नातीला मारनार व्हती? त्यापरीस निर्दय म्हनू दे मला. पोर तरी सुखरूप हाय ना?"

शेवटी तेराव्या दिवशी त्यांनीच फोन लावला. सगळं सांगितलं.

रविवारी तिघंही आली, तेव्हा मी तिथेच होते. ओवी धावत जाऊन आजीच्या मांडीवर चढली. ताई ताठ बसून राहिल्या, हात दोन्ही पाठीमागे.

सून पुढे झाली. सासूचे हात तिने हलकेच पुढे ओढले.

"आई, धरा ना तिला. पडेल."