आठव्या रिळानंतर सातवं

आयुष्यात मी एकदाच, कुणीही न सांगता, आपणहून फडकं हातात घेतलं. त्या दिवशी पृथ्वी नष्ट होता होता वाचली, आणि माझं लग्न मोडता मोडता. (दोन्हींपैकी काय वाचायला हवं होतं, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही.)

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एका थेटरात ऑपरेटर होतो, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारा. आता बटण दाबलं की सिनेमा सुरू होतो म्हणे. आमच्या वेळी सिनेमा पत्र्याच्या डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, एक रीळ अठरा मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची आणि दुसरा ठिपका दिसला की इकडचं झाकण बंद, तिकडचं उघडं. हॉलमधल्या माणसाला रीळ बदललेलं कळता कामा नये, एवढीच आमची कला. त्यामुळे मी शेकडो सिनेमे दाखवले, पण पाहिला एकही नाही. मी फक्त कोपरा पाहिला.

तरी त्या केबिनची आठवण झाली की अजून जीव हळहळतो. तापलेल्या लोखंडाचा तो वास, रिळाची ती एकसुरी टकटक, भिंतीतल्या चौकोनी भोकातून दिसणारी चारशे डोकी. मशीनच्या दिव्यावर चहाचा कप ठेवला की शेवटच्या रिळापर्यंत गरम राहायचा. तसा चहा मला पुन्हा मिळाला नाही. (हे वाक्य आमची ही वाचणार नाही, या भरवशावर लिहिलं आहे.)

थेटरासमोर एक घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मालकांना सगळे काटेकाका म्हणत. डोळ्याला भिंग लावून ते आत बसत आणि बाहेर काउंटरवर त्यांची मुलगी गिऱ्हाइकांची घड्याळं घेऊन चिठ्ठ्या लिहून देई. माझ्याकडे एकच मनगटी घड्याळ होतं. ते एकदा खरोखर पडलं आणि मी दुरुस्तीला नेलं. मग ते दर पंधरा दिवसांनी पडू लागलं. चौथ्या वेळी चिठ्ठी लिहिता लिहिता ती हळूच म्हणाली, "आता घड्याळ पाडू नका. त्याची काय चूक? तसेच येत जा."

मी तसाच जाऊ लागलो. वर्षभराने धीर करून काकांपुढे विषय काढला. काकांनी भिंगातून माझ्याकडे असं पाहिलं की माझ्यातल्या कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते त्यांना दिसत असावं.

"तू काम अंधारात करतोस," काका म्हणाले. "बरं करतोस की वाईट, कुणाला दिसत नाही. मी शुक्रवारी तीनचा शो बघायला येतो. काम काटेकोर असेल तर पुढचं बोलू. नाहीतर रविवारी बँकेतला कॅशियर मुलगा येतोय, त्याच्याशी बोलू. शो संपला की तुझी केबिनही बघेन. माणूस त्याच्या टेबलावरून कळतो."

मी दुकानाबाहेर पडलो तर ही मागोमाग पायरीपर्यंत आली. "तो कॅशियर स्वतःचं बोलणंसुद्धा दोनदा मोजून घेतो," ती म्हणाली. "काहीही करा, पण शुक्रवारी चुकू नका."

शुक्रवारी दुपारी बारा वाजता नव्या सिनेमाचे दहा डबे आले. एक प्रचंड खडक अवकाशातून पृथ्वीवर आदळायला निघालाय आणि पाच माणसं रॉकेटमधून त्याला अडवायला निघालीत, अशी एकंदर कथा. शास्त्राच्या पुस्तकात त्याला लघुग्रह म्हणतात. आमच्या थेटरात त्याला सरसकट धोंडा म्हणत. डबे माझ्या आधी वीसेक थेटरांतून फिरून आलेले, धुळीने आणि तेलाने माखलेले. मी केबिनभर नजर टाकली आणि ती मला काकांच्या डोळ्यांनी दिसली. तिथेच मी फडकं ओलं केलं.

मशिनं पुसली, खिडकी पुसली, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं आणि शेवटी दहाही डबे असे घासले की त्यांत तोंड दिसावं. तोंड दिसलं, आणि मग लक्षात आलं की दुसरं काहीच दिसत नाहीये. डब्यांवर रिळांचे नंबर होते ते खडूने लिहिलेले! तेच मी घासून घासून चकचकीत केले होते.

रिळाच्या सुरुवातीच्या पट्टीवरही नंबर असतो, पण ती पट्टी वीस थेटरांत तुटून तुटून संपलेली. पावणेतीन वाजले होते. मी खडू घेतला आणि आठवेल तसे आकडे पुन्हा लिहिले. आठ डब्यांबद्दल खात्री होती. उरलेल्या दोघांपैकी सातवं कुठलं आणि आठवं कुठलं, एवढीच शंका होती. पण शंका काय, मला स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही असते. जो डबा जरा जड वाटला त्याच्यावर आठ लिहिलं.

पहिली सहा रिळं लोण्यासारखी गेली. काका आणि ही बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, केबिनच्या जिन्याला लागून बसले होते. ठिपका चुकत नव्हता. झाकणं अशी पडत होती की मलाच माझं कौतुक वाटत होतं. मी सातवं म्हणून सातवं लावलं, मग आठवं म्हणून आठवं लावलं आणि कपातला चहा घेतला.

पडद्यावर काय चाललं होतं, ते मला हिने नंतर सांगितलं. सिनेमात तळाशी लाल आकड्यांचं घड्याळ होतं, धोंडा आदळायला किती तास उरले ते दाखवणारं. सहावं रीळ संपलं तेव्हा बारा तास उरले होते. पुढचं रीळ सुरू झालं तेव्हा एकदम पाच. रॉकेट जोरात गेलं असेल, असं म्हणून पब्लिकने ते चालवून घेतलं. त्या रिळात रॉकेटमधला मेकॅनिक, ज्याला पब्लिकने पहिल्या रिळातच जाड्या असं नाव ठेवलं होतं, यान दुरुस्त करायला बाहेर जातो, त्याचा दोर तुटतो आणि तो हात हलवत हलवत काळोखात दूर निघून जातो. कॅप्टन रडला. बायका रडल्या. स्टॉलमध्ये उभे असलेले आमचे मॅनेजर रडले. घड्याळात चार तास उरले होते.

मग मी रीळ बदललं. ठिपक्यावर ठिपका, अगदी बिनचूक. आणि घड्याळात बारा तास उरले, आणि जाड्या खुर्चीवर पाय पसरून बिस्कीट खात बसला होता.

हॉलमध्ये अशा शिट्ट्या, अशा टाळ्या, की आमच्या थेटराने तशा कुठल्या हीरोसाठीही ऐकल्या नव्हत्या. मी वर बसून समाधानाने मान डोलावली. मला वाटलं, पृथ्वी वाचली असावी.

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काका दारात उभे, मागे ही.

"वेळ मागे गेली," काका म्हणाले.

"नाही काका, तीनच्या ठोक्याला सुरू केलाय."

"चारचे बारा झाले."

मी घड्याळ पाहिलं. "काका, सव्वापाच झालेत."

"तुझ्या घड्याळात नाही. पृथ्वीच्या!"

"आणि गेलेला माणूस बिस्कीट खातोय," ही मागून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझ्या हातून कप निसटला. मी भोकातून आयुष्यात प्रथमच कोपरा सोडून पडदा पाहिला. जाड्या दुसरं बिस्कीट उचलत होता.

तेवढ्यात डोळे पुसत मॅनेजर धावत वर आले. त्यांना झाला प्रकार कळायला अर्धं मिनिट लागलं. "गप्प बसायचं!" ते म्हणाले. "कुणालाही काही कळलेलं नाही. मेलेला माणूस परत आला म्हणून तक्रार करणारं पब्लिक बघितलंयस कधी? आणि कुणी विचारलंच तर सांगू, सिनेमाच्या कंपनीने उलटे नंबर टाकून डबे पाठवले."

काका माझ्याकडे वळले. "डब्यांवरचे नंबर कुणी लिहिले?"

काकांच्या खांद्यामागून ही मला डोळ्यांनी विनवत होती, कंपनी म्हणा, कंपनी म्हणा! मला कॅशियर दिसला. काउंटरमागची रिकामी खुर्ची दिसली. मी तोंड उघडलं आणि 'कंपनीने' म्हणणारही होतो. पण वेळेवर खोटं सुचायला जी हुशारी लागते, ती माझ्यात कधीच नव्हती, आणि शिवाय माझी पाचही बोटं खडूने पांढरी झालेली होती.

"मी लिहिले," मी म्हणालो. "तुम्ही येणार म्हणून डबे पुसले, त्यात आधीचे पुसले गेले. चूक माझी."

काका नुसते माझ्या खडूच्या बोटांकडे पाहत राहिले. ते काही बोलले असते तर मी पुढचं केलंही नसतं. पण त्या शांततेत मला असं ओशाळल्यासारखं झालं की मी मशीन थांबवलं, हॉलचे दिवे लावले, जिना उतरलो आणि थेट पडद्यासमोर जाऊन उभा राहिलो. चारशे डोकी वरून नेहमी पाहिली होती. समोरून ती फारच मोठी दिसतात.

"मंडळी," मी म्हणालो, "माझ्या हातून एक चूक झाली. आठवं रीळ सातव्याच्या आधी लागलं. जाड्या खरं म्हणजे अजून मेलेला नाही. तो नंतर मरतो. हे रीळ संपलं की मी आठवं पुन्हा दाखवतो."

"म्हणजे तो पुन्हा मरणार?" पहिल्या रांगेतला एक पोस्टमन उभा राहिला.

"हो. म्हणजे, बरोबर तसंच आहे."

"काही नको!" मागून एक बाई ओरडल्या. "एकदा रडलोय तेवढं पुरे!"

"आलाय ना परत? मग राहू दे की त्याला!"

"तुला काय त्रास होतोय त्याचा?"

मी क्रमाचं महत्त्व सांगू लागलो, तर माझ्या दिशेने एक चप्पल आली. शेवटी मॅनेजरांनी हात वर करायला लावले. जाड्याला पुन्हा मारावं, या बाजूने एकच हात वर झाला, तो बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत परत जाऊन बसलेल्या काकांचा. सातवं पुरं करून मी थेट नववं लावलं. त्यात जाड्या अर्थातच कुठे नव्हता. "आत झोपला असेल," असं पोस्टमनने मोठ्याने सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. धोंडा फुटला, पृथ्वी वाचली, आणि पब्लिक डोळे पुसत, हसत घरी गेलं. पुढचे तीन आठवडे लोकांनी तो सिनेमा त्याच क्रमाने मागून घेतला. आम्ही त्या लोकांचे असे लाड करायचो, आणि ते आमच्यावर तशी चप्पलही फेकायचे. त्या दोन्ही गोष्टींची मला आज फार आठवण येते.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काही सुचत नव्हतं. काका केबिन न बघताच निघून गेले होते. चकचकीत डब्यांकडे बघत मी एकटाच बसलो होतो आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते. हिच्याशिवाय पुढचं आयुष्य कसं काढायचं, ते मला खरोखर कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी काकांचा निरोप आला, दुकानात ये. मी गेलो. ही काउंटरवर मान खाली घालून चिठ्ठ्या लिहीत होती. काकांनी भिंग काढून ठेवलं.

"कामाच्या बाबतीत तू नालायक आहेस," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"कॅशियरला मी नको म्हणून कळवलंय."

मला काही उमगेना. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. "हे बघ. मागच्या आठवड्यात हिने एका गिऱ्हाइकाचं घड्याळ भलत्यालाच दिलं. अजून म्हणते, चूक गिऱ्हाइकाची. हिच्या आईचंही तेच. तीस वर्षं या घरात चूक कबूल करायचं काम मी एकटा करतोय. स्वतःची असो नसो. आता वयोमानाने झेपत नाही रे. काल तुला त्या पडद्यासमोर उभा पाहिला आणि म्हटलं, माणूस मिळाला."

मी आनंदाने तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

थेटर पुढे पाडलं, आता तिथे चपलांचं दुकान आहे. माझी दोन्ही मशिनं भंगारात गेली. काकाही गेले, जाताना माझा हात घट्ट दाबून. त्यांनी दिलेली ती नोकरी मात्र चालू आहे, एक दिवसाचीही रजा न घेता. परवा हिच्या हातून गॅसवर दूध उतू गेलं, तेव्हा मी घरात नव्हतो. आल्याबरोबर माफी मागितली.